सायमनच्या मृत्यूनंतर जॅकची सत्ता वाढते कशी? 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज'मधील अपराध, भय आणि अधिकार

शारदीय (प्रश्न)

आमच्या वाचनगटात सध्या विल्यम गोल्डिंग यांची 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' ही १९५४ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी वाचली जात आहे. नवव्या प्रकरणापाशी आमची चर्चा अडली असून, ज्यांनी ही कादंबरी बारकाईने वाचली आहे त्यांचे मत जाणून घ्यावे म्हणून हा प्रश्न येथे मांडत आहे.

निर्मनुष्य बेटावर अडकलेली इंग्रज शाळकरी मुले, बेटावर वावरत असल्याचे त्यांना वाटणाऱ्या एका श्वापदाच्या भीतीने, निवडून दिलेल्या नायकाला, राल्फला, हळूहळू सोडून शिकाऱ्यांचा प्रमुख असलेल्या जॅककडे जातात, कारण जॅक त्यांना मांस देतो आणि संरक्षणाचे आश्वासन देतो, असे या कादंबरीविषयी सर्वसाधारणपणे सांगितले जाते. आठव्या प्रकरणापर्यंत हे स्पष्टीकरण मला पुरेसे वाटते. मात्र नवव्या प्रकरणात वादळाच्या रात्री, नाचाच्या रिंगणात, सगळे मिळून श्वापद समजून सायमन या मुलाला ठार मारतात. तो आपल्यातलाच एक मुलगा होता हे सकाळी प्रत्येकाला ठाऊक असते. अशा प्रसंगानंतर शरमेने टोळी फुटावी आणि निदान काही मुलांनी राल्फकडे परतावे, अशी माझी अपेक्षा होती. घडते ते नेमके उलट. दहाव्या प्रकरणात राल्फपाशी त्याचा विचारी सोबती पिगी, सॅम-एरिक ही जुळी भावंडे आणि काही लहानगी एवढेच उरतात, आणि जॅकच्या किल्ल्यावर पहारे बसतात, शिक्षा सुरू होतात, विल्फ्रेड या मुलाला कारण न सांगता बांधून ठेवले जाते. सामूहिक अपराधाने सत्ता खिळखिळी होण्याऐवजी घट्ट का व्हावी?

याला जोडून दुसरी शंका अशी की, त्या रिंगणात राल्फ आणि पिगीही होते. लेखक त्यांच्या अपराधाला वेगळे माप लावतो आहे का?

कोरांटी

प्रश्न फार योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे. माझ्या मते त्याचे उत्तर नवव्या प्रकरणात शोधू नये. ते दुसऱ्या प्रकरणात आहे.

बेटावरचा पहिला मृत्यू सायमनचा नाही. चेहऱ्यावर तुतीच्या रंगाचा डाग असलेला एक लहान मुलगा पहिल्या सभांपैकी एका सभेत सापासारख्या काहीतरी प्राण्याविषयी बोलतो, आणि त्याच दिवशी मोठ्या मुलांनी उत्साहाच्या भरात पेटवलेली आग आवरेनाशी होऊन डोंगरउतारावरचे जंगल जळते. त्यानंतर तो मुलगा पुन्हा कोणालाही दिसत नाही. पिगी एकटाच विचारतो की तो कुठे आहे, आणि त्या प्रश्नावर सगळे गप्प होतात. राल्फ पुटपुटतो ते इतकेच की तो कदाचित परत गेला असेल. कोणी शोध घेत नाही, कोणी त्याच्यासाठी रडत नाही, आणि त्याचे नाव आपल्याला अखेरपर्यंत कळत नाही, कारण ते कोणी विचारलेलेच नसते. मुलांच्या नावांची यादी करायला हवी होती असे पिगी सांगतो, पण ती होत नाही. शेवटच्या प्रकरणात नौदलाचा अधिकारी कोणी मेले तर नाही ना असे विचारतो, तेव्हा राल्फ दोघे मेले असे सांगतो. म्हणजे सायमन आणि पिगी. तो पहिला मुलगा राल्फच्याही हिशेबात नाही. मला ही संपूर्ण कादंबरीतील सर्वांत भयंकर ओळ वाटते.

आता श्वापदाची भीती केव्हा वाढते ते पाहावे. ती आगीच्या आधी एका लहान मुलाची भीती असते, जिला मोठी मुले हसतात. आगीनंतर हसणे थांबते. लहानगी रात्री किंचाळू लागतात, मोठी मुले त्याविषयी बोलणे टाळतात, आणि पाचव्या प्रकरणातील सभेपर्यंत भूत असते की नाही यावर हात वर करून मत घेण्याची पाळी येते. आपण एकाला जाळले, हे मनात दडपून टाकलेले सत्य झाडीत हिंडणाऱ्या प्राण्याचे रूप घेऊन परत येते, असे मी वाचतो. सायमनला हे अंधूकपणे उमगलेले असते. श्वापद म्हणजे कदाचित आपणच असू, असे तो त्या सभेत सांगू पाहतो आणि त्याची टर उडवली जाते.

या क्रमाने पाहिले की नवव्या प्रकरणानंतर काय होते ते आपोआप समजते. दहाव्या प्रकरणात किल्ल्यावर जॅक पहाऱ्याच्या सूचना देत असताना टोळीतला स्टॅन्ली अडखळत विचारतो की, आपण काल त्याला... आणि वाक्य पूर्ण करत नाही. जॅक ठामपणे नाही म्हणतो. श्वापद वेश पालटून आले होते, आणि त्याला मारता येणे शक्यच नाही, असे तो सांगतो. त्यानंतरच्या शांततेत प्रत्येक जण आपापल्या आठवणीपासून अंग चोरतो, असे गोल्डिंग लिहितात. जॅकने त्या एका वाक्यात टोळीला जे दिले ते मांसापेक्षा कितीतरी मौल्यवान होते. श्वापद जिवंत असेल तर सायमनला कोणी मारलेच नाही. आपले हात स्वच्छ राहावेत म्हणून त्या मुलांना श्वापद हवे असते, आणि श्वापद टिकवायचे तर जॅकही टिकायला हवा. राल्फकडे परतणे म्हणजे त्या रात्रीची आठवण असलेल्या माणसाकडे परतणे होते, म्हणून ते अशक्य झाले.

अक्षरवेध

कोरांटी यांचे विवेचन मला बहुतांशी मान्य आहे, तरी त्यात राल्फ फार निर्दोष ठरतो असे वाटते. मुळात पहिल्या मृत्यूविषयी मौन पाळणाऱ्यांचा नेता जॅक नव्हता, राल्फ होता. सभा बोलावण्याचा शंख त्याच्या हातात होता आणि तो अधिकारही त्याचाच होता. त्याने त्या मुलाचा विषय सभेत काढला असता तर कदाचित पुढचे पुष्कळ काही टळले असते. पाचव्या प्रकरणात तो भीतीविषयी सभा घेतो ती संध्याकाळी उशिरा, अंधार पडत असताना, आणि भीतीत काही तथ्य नाही असे सर्वांनी मिळून ठरवून टाकावे अशी त्याची अपेक्षा असते. भीती ठरावाने नाहीशी होत नाही. तिचे कारण उच्चारावे लागते, आणि ते उच्चारण्याचे धैर्य राल्फपाशी त्या वेळी नसते. त्याच सभेत पिगी म्हणतो की नख्यांचे श्वापद नाही हे त्याला ठाऊक आहे, आणि भिण्याचे कारणही नाही, माणसांची भीती वाटू लागली तर गोष्ट वेगळी. सायमन आणि पिगी दोघेही उत्तराच्या अगदी जवळ आलेले असतात. नियम गेले खड्ड्यात, आम्ही बलवान आहोत, श्वापद असेल तर त्याची शिकार करू, असे जॅक ओरडतो आणि सभा उधळली जाते.

जॅकच्या बाबतीत एक गोष्ट अनेकदा निसटते. त्याच्या सत्तेचा उगम त्याच्या स्वतःच्या शरमेत आहे. पहिल्या प्रकरणात वेलींत अडकलेल्या डुकरावर त्याला सुरी चालवता येत नाही, कारण जिवंत मांसात पाते शिरणे ही कल्पनाच त्याला सोसत नाही. ती नामुष्की तो विसरत नाही. चौथ्या प्रकरणात तो चेहरा रंगवतो आणि त्या रंगामागे लाज आणि संकोच यांपासून सुटल्याचा अनुभव त्याला येतो. त्याच प्रकरणात त्याच्या शिकाऱ्यांमुळे डोंगरावरची आग विझते, समुद्रातून जाणारे जहाज निघून जाते, आणि तो पिगीच्या चष्म्याची एक काच फोडतो. पुढे तो सर्वांदेखत आगीबद्दल क्षमा मागतो. चष्म्याबद्दल मात्र अवाक्षर काढत नाही. शिकाऱ्यांना ती क्षमायाचना फार दिलदारपणाची वाटते, आणि ती मनापासून स्वीकारू न शकणारा राल्फच उलट खुजा ठरतो. अपराधाची कबुलीसुद्धा अधिकार मिळवण्यासाठी कशी वापरता येते, याचे इतके नेमके चित्रण मी अन्यत्र फार कमी वाचले आहे.

दुसऱ्या शंकेकडे वळतो. राल्फ आणि पिगी त्या रात्री रिंगणात का शिरले? वादळ जवळ येते, तुझ्या झोपड्या कुठे आहेत असे राल्फ जॅकला विचारतो, लहानगी भेदरतात, आणि त्या प्रश्नाला उत्तर म्हणून जॅक नाच सुरू करायला सांगतो. आकाशातल्या विजांखाली राल्फ आणि पिगीलाही त्या वेड्या, पण काहीशा सुरक्षित वाटणाऱ्या जमावात शिरण्याची ओढ वाटते, असे लेखकाने स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे त्यांचाही अपराध भीतीतूनच जन्मतो. माप वेगळे लागते ते दुसऱ्या दिवशी सकाळी. राल्फ त्या कृत्याला खून म्हणतो. पिगी त्याला गप्प करू पाहतो, तो अपघात होता, अंधार होता, आपण घाबरलो होतो, आपण रिंगणाच्या बाहेरच होतो, अशी एकामागून एक कारणे पुढे करतो. सॅम आणि एरिक तर आपण लवकर निघून गेलो होतो असेच सांगतात. पिगीसारखा विवेकी मुलगा येथे जॅकच्या फार जवळ येऊन उभा राहतो. दोघांनाही घडलेले घडलेच नाही असे म्हणायचे असते, फरक इतकाच की जॅक त्यासाठी श्वापद वापरतो आणि पिगी तर्क वापरतो. राल्फ एकटा असा आहे की जो तो शब्द उच्चारतो आणि आता मला आपलीच भीती वाटते असे म्हणतो. पण तो हे पिगीशी झालेल्या खाजगी बोलण्यात म्हणतो, तोपर्यंत सभाच उरलेली नसते.

दीपमाळ

वरील दोन्ही उत्तरांत जॅकच्या टोळीतल्या रॉजरचा उल्लेख नाही, आणि त्याच्याशिवाय सत्तेचा विषय पूर्ण होत नाही असे मला वाटते.

चौथ्या प्रकरणात मॉरिस आणि रॉजर लहानग्यांचे वाळूचे किल्ले तुडवतात. पर्सिव्हलच्या डोळ्यांत वाळू जाते, तेव्हा मॉरिसला घरी अशा कृत्याबद्दल मिळालेली शिक्षा आठवते, तो काहीतरी सबब पुटपुटत निघून जातो. रॉजर मागे थांबतो आणि हेन्री नावाच्या लहानग्याच्या दिशेने दगड फेकू लागतो, पण नेम चुकवून. हेन्रीभोवती सुमारे सहा यार्डांचे एक वर्तुळ असते ज्याच्या आत दगड टाकण्याचे त्याला धाडस होत नाही. आईवडील, शाळा, पोलीस आणि कायदा यांचे जुने अदृश्य बंधन त्याच्या हाताला आवरून धरते. ते बंधन अपराधाच्या जाणिवेचे आहे की केवळ शिक्षेच्या भयाचे, हा प्रश्न लेखक तेथे उघडा ठेवतो, आणि पुढची प्रकरणे त्याचे उत्तर देतात. विल्फ्रेडला विनाकारण बांधले असून जॅक त्याला मारहाण करणार आहे, हे दहाव्या प्रकरणात रॉबर्टकडून कळल्यावर रॉजरला राग येत नाही, दया येत नाही. कोणालाही जाब न देणाऱ्या अधिकारातून काय काय करता येईल याचा तो शांतपणे विचार करतो. शिक्षा करणारे कोणी उरले नाही एवढेच त्याला कळायचे होते.

अकराव्या प्रकरणात तो तरफेवर सगळा भार टाकून शिळा लोटतो. शंखाच्या ठिकऱ्या होतात आणि पिगी खाली खडकावर कोसळून मरतो. मूळ प्रश्नाच्या दृष्टीने त्यानंतरची घटना महत्त्वाची आहे. शिळा लोटण्याची आज्ञा जॅकने दिलेली नसते. तरीही जॅक पुढे धावत येऊन राल्फला ओरडून सांगतो की तुझेही असेच होईल, आणि हे मी मुद्दाम केले. सायमनचा मृत्यू त्याने नाकारला होता, पिगीचा मृत्यू तो न केलेला असूनही स्वतःच्या नावावर घेतो. दोन मृत्यूंमध्ये फार थोडे दिवस गेले असावेत, पण तेवढ्यात सत्तेचे स्वरूप पालटले आहे. आधी तिला अपराध लपवावा लागत होता. आता ती अपराध मिरवते, कारण ऐकणारे सगळे स्वतःच्या आठवणीला इतके भितात की कोणी उलट विचारणार नाही याची तिला खात्री झाली आहे. आणि त्याच क्षणी ती जॅकच्या हातून निसटू लागली आहे, हेही लक्षात घ्यावे. जुळ्या भावंडांना धमकावायला रॉजर पुढे होतो तेव्हा तो आपल्या नायकाला जवळजवळ खांद्याने ढकलत जातो. सॅम आणि एरिक पुढे राल्फला सांगतात की दोघेही भयंकर आहेत, पण रॉजरविषयी बोलताना त्यांचे वाक्य अर्धेच राहते.

सागरगोटा

चर्चा वाचनीय आहे, पण मला एका मूलभूत गोष्टीविषयी शंका घ्यावीशी वाटते. आपण सर्व जण ही कादंबरी मानवी स्वभावाचा पुरावा असल्यासारखी वाचत आहोत. १९६५ साली टोंगा देशातील एका निवासी शाळेतील सहा मुले होडी घेऊन पळाली, वादळात भरकटली आणि अटा नावाच्या ओसाड बेटावर पोहोचली. तेथे ती सुमारे पंधरा महिने राहिली, आणि सप्टेंबर १९६६ मध्ये पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन खलाशाने त्यांची सुटका केली. त्या मुलांनी कामाच्या पाळ्या लावल्या होत्या, पेटवलेली आग विझू दिली नव्हती, आणि एकाचा पाय मोडला तेव्हा इतरांनी तो बांधून त्याची कामे वाटून घेतली. सहाही जण सुखरूप परतले. मग गोल्डिंग यांच्या बेटावर जे घडते ते मनुष्यस्वभावामुळे घडते, की इंग्लंडमधील एका विशिष्ट वर्गाच्या शाळेमुळे? जॅक कादंबरीत पहिल्यांदा समोर येतो तोच मुळी काळ्या टोप्या घातलेल्या गायकमुलांची रांग कवायतीने चालवत. आपण गायकगटाचे प्रमुख आहोत म्हणून आपणच नायक व्हावे, असे तो पहिल्याच सभेत सांगतो. हुकूम सोडणे आणि हुकूम पाळणे त्याला आणि त्याच्या मुलांना शाळेने शिकवलेले आहे. पिगीच्या बोलण्याची ढब आणि त्याचा दमा यांवरून त्याला हिणवणेही तेथूनच आलेले आहे.

कोरांटी

सागरगोटा यांचा आक्षेप महत्त्वाचा आहे आणि तो कादंबरीच्या विरोधात जातो असे मला वाटत नाही. गोल्डिंग स्वतः सॉल्झबरी येथील मुलांच्या शाळेत शिक्षक होते, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलात होते आणि नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरील चढाईत त्यांनी भाग घेतला होता. आर. एम. बॅलंटाइन यांच्या 'द कोरल आयलंड' या एकोणिसाव्या शतकातील कादंबरीत राल्फ, जॅक आणि पीटरकिन ही तीन इंग्रज मुले बेटावर आनंदाने आणि शिस्तीने राहतात, आणि क्रौर्य जे काही असते ते बाहेरून, इतर लोकांकडून येते. गोल्डिंग यांनी त्यांतील राल्फ आणि जॅक ही नावे जाणीवपूर्वक उचलली. इंग्रज मुले आपसूक सभ्य असतात, हा समज त्यांना मोडायचा होता. शेवटी येणारा अधिकारी त्याच समजातून बोलतो, ब्रिटिश मुलांकडून याहून बरे काही अपेक्षित होते असे म्हणतो, आणि त्याच्या पाठीमागे उभी असते ती युद्धनौका. मोठ्यांच्या जगातही तेव्हा अणुयुद्ध चालू असते हे विसरू नये.

टोंगाच्या मुलांविषयी एक फरक मात्र नोंदवावा लागेल. ती सहाही जण आधीपासूनची ओळखीची होती, एकमेकांची नावे जाणणारी होती, आणि त्यांच्या हातून पहिल्याच दिवशी कोणाचा जीव गेला नव्हता. पाय मोडलेल्या मुलाकडे पाहता येत होते, त्याची शुश्रूषा करता येत होती. डाग असलेल्या मुलाकडे पाहणे राल्फच्या सोबत्यांना शक्य नव्हते, कारण तो उरलाच नव्हता. म्हणून मी ही कादंबरी सर्व माणसे अशीच असतात या विधानाचा पुरावा म्हणून वाचत नाही. एखाद्या समूहाने आपला पहिला अपराध बोलून दाखवला नाही, तर त्या समूहात भीती कोठून येते आणि ती कोणाच्या कामी येते, याचा शोध म्हणून वाचतो.

शारदीय

सर्वांचे मनापासून आभार. पुढील बैठकीत दुसरे, पाचवे आणि दहावे अशी तीन प्रकरणे सलग ठेवून वाचावीत असे मी गटाला सुचवणार आहे, कारण मौन, भीती आणि नकार हा क्रम त्यातून स्पष्ट दिसेल. एकच गोष्ट विचारायची राहिली. सॅम आणि एरिक यांना या मांडणीत कोठे ठेवावे? छळ सहन न झाल्याने ते जॅकच्या टोळीत सामील होतात, रात्री पहाऱ्यावर असताना राल्फला मांसाचा तुकडा देतात आणि सावध करतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याची लपण्याची जागाही सांगून टाकतात.

अक्षरवेध

माझ्या मते गोल्डिंग यांनी सर्वसामान्य माणूस रंगवला आहे तो या दोघांत. त्यांना खरे काय ते ठाऊक असते, राल्फविषयी प्रेम असते, आणि रॉजरने एक काठी दोन्ही टोकांना तासून ठेवली आहे हेही ते त्याला सांगतात. श्वापदाला नैवेद्य म्हणून शिकाऱ्यांनी डुकराचे मुंडके अशाच काठीवर खोचले होते हे राल्फला त्या क्षणी आठवत नाही, वाचकाला मात्र लगेच आठवते. बारकाईने पाहिले तर ते दोघे राल्फची जागा सांगतात ती मारहाणीखाली, तर सायमनच्या मृत्यूविषयी खोटे बोलतात ते समुद्रकाठी, कोणीही धमकावत नसताना. मला दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अधिक गंभीर वाटते. मारहाणीत तोंड उघडणाऱ्या मुलाला आपण दोष देऊ शकत नाही. पण राल्फने खून हा शब्द उच्चारला त्या सकाळी त्या दोघांनी होय एवढे म्हटले असते, तर शंखापाशी खरे बोलणारे एकाचे तिघे झाले असते, आणि त्यानंतर पिगीलाही आपला अपघाताचा युक्तिवाद पुढे रेटणे कठीण गेले असते.